काढलेली घुरघुर

दिनानाथ : परत सांग. घुरघुर काढायची?

भगवान : घालायची.

दिनानाथ : भगवान, अठरा वर्षं मी रेडिओ उघडतोय. लोक घुरघुर काढा म्हणून हातापाया पडतात. घाला म्हणणारा तू पहिलाच. डोकं ठिकाणावर आहे ना?

भगवान : हाय, म्हनून तं आलो. हा घ्या अ‍ॅम्प्लिफायर. तुमच्याच हातचा. पयला जसा वाजायचा तसा करून द्या.

दिनानाथ : पहिला पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा. तूच आला होतास माझ्याकडे तोंड पाडून. बँडवाली पोरं हसतात म्हणालास, विचारतात की भगवाननं गिटार आणली का चक्की.

भगवान : आलो व्हतो. नाय कुटं म्हनतो.

दिनानाथ : तीन रविवार घातले मी ह्याच्यावर. नवा कंडेन्सर घातला. व्हॉल्व्हच्या दिव्याच्या तारा उचकटल्या, पिळून दुसऱ्या बाजूनं नेल्या. शेवटी असा गप्प झाला की तुमच्या वाड्यातल्या महादेवच्या मुलीच्या हळदीला मी मांडवात उभा राहून लोकांना सांगत होतो, कान लावा डब्याला, काही ऐकू येतंय का सांगा.

भगवान : आन् आय तितंच बसली व्हती. माइकसमोर.

दिनानाथ : हो, कृष्णाबाईंना त्या दिवशी बरं नव्हतं. घसा बसला होता ना?

भगवान : आमी लोकांना तसं सांगितलं. घसा नव्हता बसला. सूर गावला नाय तिला. तीनदा सुरुवात केली. पनवेलपासून उरनपर्यंत चाळीस वर्सं तिनं हळदी गायल्या, दिनूभाऊ. ती धवलारीन त्या दिशी तिसऱ्या ओळीला थांबली ती थांबलीच. तवापासून तिला कोन बोलवत नाय. बोलवलं तरी ती जात नाय.

दिनानाथ : वाईट झालं. पण त्याचा माझ्या घुरघुरीशी काय संबंध?

भगवान : सखूबाय आठवते?

दिनानाथ : तुमच्या कोळीवाड्यातली. तुझ्या आईच्या जोडीनं गायची. चौसष्ट साली गेली ना?

भगवान : तीच. हळदीचा धवला जोडीनं गातात. पुढची गानारी ओळ सोडते, मागची तीच ओळ उचलते. आन् पुढची गात असते तवा मागची खालचा सूर धरून ऱ्हाते, उघडं पडू देत नाय. सखूबाय गेली तवा आयनं गानं सोडलंच व्हतं. मंग तुमी हा डबा बनवला. मी बोललो, आय, माज्या गिटारवर गा, माइक बी ह्याच्यातच लावतो. गायली. चार हळदी गायली. आमाला वाटलं, गिटारवर गाते.

दिनानाथ : गिटारवरच गात होती की. मी ऐकलंय.

भगवान : नव्हती गात. गेल्या आठवड्यात पीठ आनायला गिरनीवर गेलो. आय तांदूळ घेऊन आधीच गेली व्हती. बगतो तं गिरनी चालू आन् आय भिंतीला टेकून गाते. डोक्यापासून पायापर्यंत पीठ. वर्सात पयल्यांदा ऐकली मी तिला. मना बगून गप झाली. लई खोदून विचारलं तवा बोलली, तुज्या डब्यात सखू व्हती रं, तुमी दोगांनी काढली.

दिनानाथ : असं म्हणाली?

भगवान : असंच.

दिनानाथ : मग तेव्हाच सांगायचं नाही का? एका शब्दानं सांगितलं असतं तर मी स्क्रूसुद्धा हलवला नसता.

भगवान : काय सांगनार? एवढा मोठा मिस्त्री तीन रविवार घालतो, पोरगा खुश, आन् ही बोलनार, तो आवाज ऱ्हाऊ द्या, त्याच्यात माजी मैतरीन हाय? लोक येड्यात काढतील म्हनाली.

दिनानाथ : आणि मी मांडवात मिरवत होतो. कान लावा म्हणत होतो लोकांना.

भगवान : मी बी मिरवत व्हतो. तुमचा एकट्याचा दोस नाय. आता बुधवारी माज्या भनीची, मालूची हळद हाय. आय बोलते, नेऱ्याहून दुसरी धवलारीन सांगा. मालू बोलते, घरात आय असून दुसरी कोन गानार असंल तं मना हळदच लावू नका. दोन दिस झाले, दोगी एकमेकीशी बोलत नायत.

दिनानाथ : आण तो डबा इकडे. मागची फळी काढ. थांब, हात घालू नकोस आत. बंद असला तरी कंडेन्सरमध्ये करंट बसलेला असतो. एकदा मला खांद्यापर्यंत झिणझिण्या आणल्यात त्यानं. हां. आता उतरवला करंट. कृष्णाबाई कुठेत? त्यांनी ओळखल्याशिवाय मला कसं कळणार, कुठली ती?

भगवान : बाजार उठला की येते बोलली. ती बगा, आलीच.

कृष्णाबाई : दिनू, पाटी कुटं ठेवू रं?

दिनानाथ : आत ठेवा, इथे मांजर आहे. या, बसा ह्या स्टुलावर.

कृष्णाबाई : मांजरीसाठीच दोन बोंबील ठेवलेत. तू खात नाय, ठाव हाय मना. ह्यानं सांगितलं का तुला सगलं?

दिनानाथ : सांगितलं.

कृष्णाबाई : हसलास का?

दिनानाथ : नाही हो. हसायचं कसलं त्यात.

कृष्णाबाई : मंग चालव तुजं काम.

दिनानाथ : हा बघा, नवा कंडेन्सर सोडवला. जुना मी भंगारात दिला, नाहीतर तोच लावला असता. भगवान, बटन दाब. व्हॉल्व्ह तापू दे जरा. आला का आवाज?

कृष्णाबाई : बंद कर, बंद कर. ही तं वरडते. सखू कवा वरडली नाय.

दिनानाथ : बरं, मग एक लहान कंडेन्सर लावून बघू. म्हणजे अर्धी राहील. चिमटा दे, भगवान. कथलाचा डाग थंड होऊ दे. दाब आता.

कृष्णाबाई : ही दुसरीच कोन हाय. वरवर बोलते. सखू पायाखालून यायची. होडीत बसल्यावर तळाला पानी हालतं ना, तशी.

दिनानाथ : पायाखालून. म्हणजे ती कंडेन्सरची नव्हेच. दिव्याच्या तारांची. पहिल्यांदा जोडताना मी त्या तारा गिटारचा आवाज आत आणणाऱ्या तारेला चिकटून नेल्या होत्या. शिकाऊ माणूसही करत नाही अशी चूक. घाई होती मला तेव्हा.

भगवान : मंग तशाच न्या परत.

दिनानाथ : तशाच म्हणजे कशा? नीट केलेलं काम माणसाच्या लक्षात राहतं. चुकलेली तार कुठून कुठे गेली होती, ते कोण लक्षात ठेवतं? बोटभर इकडेतिकडे झाली तरी आवाज बदलतो.

भगवान : माज्या ध्यानात हाय. तळाची फळी माज्या बापाच्या मोडक्या होडीची हाय ना, तिच्यातलं खिळ्याखिळ्याचं भोक मना ठाव हाय. हे बगा, हे जुनं भोक. तार ह्याच्यावरून जायची. मंग ह्या गाठीला वळसा घालून खाली. मी रोज रात्री आतले दिवे लुकलुकताना बगत बसायचो.

दिनानाथ : गाठीच्या डावीकडून?

भगवान : उजवीकडून.

दिनानाथ : उजवीकडून. नवा कंडेन्सर परत लावला. आता तारांचा पीळ सोडवतो. ही इथे चिकटवली. कृष्णाबाई, एक बोलू का? तुमचं एक वर्ष घालवलं मी. मला वाटलं, उपकार करतोय. आवाज गेला की काम फत्ते, एवढंच मला शिकवलंय. तो कुणाला हवा असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. फार वाईट वाटतंय मला.

कृष्णाबाई : तू काय मुद्दाम केलंस? मी बोलले नाय. मना बोलायला पायजे व्हतं. बोलायचं तवा मी कवाच बोलले नाय, आन् नको ते बोलत ऱ्हायले. चाळीस वर्सं सखूला टोचलं मी. मोठ्यानं धर गो, मांडवात तू ऐकायला येत नाय, लोक बोलतात किस्नी एकटीच गाते. ती बिचारी हसायची आन् खालीच ऱ्हायची. ती गेल्यावर पयल्या हळदीला तोंड उघडलं तवा समजलं, मी उभी कशावर व्हते ते.

भगवान : आय, डोळं पूस. व्हईल आता.

कृष्णाबाई : पुसते. तिला तं कवा सांगितलं नाय ना हे. आता डब्याला काय सांगू?

दिनानाथ : भगवान, बटन. मी व्हॉल्यूम हळूहळू वाढवतो. कुणी बोलू नका.

भगवान : आली. दिनूभाऊ, आली ही.

दिनानाथ : गप्प. त्यांना बोलू दे.

कृष्णाबाई : अजून थोडी. अजून. बस. ऱ्हाऊ दे तितंच.

दिनानाथ : हीच का?

(कृष्णाबाई डोळे मिटून धवल्याची एक ओळ गाते, आणि थांबते.)

भगवान : आय? विसरलीस काय पुढचं?

दिनानाथ : सूर सुटला का? वाढवू थोडा?

कृष्णाबाई : हात लावू नको. माजी ओळ झाली. आता तिची व्हऊ दे.