द्राक्षमळ्यातली निळी बाई

मी केवलराम छोटेलाल पटले, वय ५१ वर्षे, धंदा तसबिरींना चौकटी बसविणे, राहणार गोंदिया, दुकानामागील खोलीत एकटाच, आज शनिवार ता. १४ डिसेंबर १९५७ रोजी ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की :

माझ्या दुकानात बहुतेक देवांच्या तसबिरी असतात. गेल्या वर्षी मुंबईच्या एका दुकानाच्या यादीवरून मी एक छापील परदेशी चित्र टपालाने मागविले. यादीत 'द्राक्षमळा' एवढेच लिहिले होते. चित्रात मळा तांबडा आणि आभाळ पिवळे असून बाया वाकून द्राक्षे तोडीत आहेत. पुढची बाई निळ्या कपड्यात असून तिची पाठ आपल्याकडे आहे. चित्र विक्रीचे होते. तीन गिऱ्हाइकांनी मागितले, मी दिले नाही. कारण नमूद करण्यासारखे नाही.

परवा गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास टिकाराम बहेकार नावाचा शेतकरी गणपतीची तसबीर घेऊन आला. तो माझ्या ओळखीचा नव्हता. चित्रापुढे उभा राहून तो म्हणाला, "हे माही रुख्मा होय."

मी म्हणालो, "भाऊ, ही परदेशातली बाई आहे. आणि ते धान नाही, द्राक्षं आहेत."

"पीक कोणतंही असो. रुख्मा अशीच वाकते."

असे म्हणून त्याने चित्र खिळ्यावरून काढले व निघाला. माझ्या हाताला सरस लागलेला असल्याने मला त्यास धरता आले नाही. हात पुसून मी त्याच्यामागे स्टेशनावर गेलो. तेथील शिपायास चोरीची खबर दिली. तेवढ्यात आरोपी ज्या गाडीत चढला ती चांद्याची छोटी गाडी हलली, म्हणून मीही चढलो.

डब्यात दुसरीकडे जागा नव्हती, सबब आरोपीशेजारी बसलो. त्याने मुरमुरे दिले, ते मी खाल्ले. त्याने सांगितले की, दोन वर्षांपूर्वी कापणीच्या वेळी तो चारचौघांत बायकोस 'तुह्या हातानं काम होत नाही' असे बोलला. ती माहेरी गेली. तो आणावयास गेला नाही. "कोणत्या तोंडानं जाऊ?" असे त्याने मला विचारले.

अर्जुनीस उतरून आम्ही तिच्या माहेरापर्यंत कोसभर चाललो. रुख्माबाई खळ्यात धान पाखडीत होती. त्याने चित्र पुढे धरले.

ती म्हणाली, "दोन वर्सं मले पाहाले आला नाही, अन् कागदावरची बाई पाहून धावत आला? कायले आला?"

"पाठ पाहूनच वळखली तुले. तुह्यासारखं झटझट काम करून राहिली ते."

त्यावर तिने चित्र हातात घेऊन पाहिले. मग मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही खरं सांगा. हे माह्यासारखी दिसते का?"

चित्रातील बाईचा चेहरा दिसत नाही. रुख्माबाई बरीच ठेंगणी आहे. तरी मी, "हुबेहूब," असे म्हणालो. हे विधान खोटे असून ते मी कोणाच्या दबावाखाली केलेले नाही.

ती हसली. सूप बाजूला ठेवून तिने आम्हा दोघांस पाणी दिले. चित्र तिने मला परत केले. "घरी दोन-दोन रुख्मा कायले?" असे म्हणाली.

काल सकाळच्या गाडीने आम्ही तिघे परत आलो. गोंदियास उतरताच रुख्माबाईने नवऱ्यास फोटोवाल्याकडे नेले. तो पाठीमागे उभा राहू लागला, तेव्हा तिने त्यास दंडाला धरून शेजारी बसविले. "इकडं पाहा," असे ती म्हणाली. फोटोवाला म्हणाला, कॅमेऱ्याकडे पाहा. टिकाराम शेवटपर्यंत तिच्याकडेच पाहत होता. फोटो तसाच निघाला आहे. दोघांनाही तो पसंत असून चौकटीसाठी माझ्याकडे दिला आहे.

माझी टिकारामविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. वरील मजकूर जमादारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करीत आहे.

केवलराम छोटेलाल पटले