ओट्यावरचा अर्ज

अरे, अर्जाचं तर नावच काढू नका! नवा मध्य प्रदेश झाला त्या साली बुऱ्हाणपुरात घरपट्टी वाढली. ती कमी करा म्हणून अर्ज द्यायला आमचा सगळा इतवारा मोहल्ला माझ्या ओट्यावर जमला. मी मास्तर, लिहायचं मीच.

माझ्याच ओट्यावर बसून गणपतराव म्हणाले, "लिहा मास्तर, ज्याला ओटा, त्याला जास्त कर."

वामनभाऊंनी वर, गणपतरावांच्या माडीकडे बघितलं. "आणि ज्याला माडी, त्यालाही!"

तासभर तेच. वैतागून मी दोन्ही लिहिलं, अर्ज दिला.

महिन्याने नगरपालिकेचा बाबू आला. "मास्टरजी, आपकी दोनों बातें मंजूर."

"आणि घरपट्टी कमी करायचं?"

"वो तो आपने लिखा ही नहीं!"