तिसरा दात

दाताच्या दवाखान्यात शिंपीणबाई गाल धरून नंबराची वाट बघत होत्या. शेजारच्या बाकावर देशाच्या हॉकी संघाचं जॅकेट घातलेली, ओठ सुजलेली एक मुलगी आणि तिची आई बोलत होत्या. ऐकता ऐकता बाई आपली ठणक विसरल्या.

“तिसरा दात गं हा! आता तोंडात उरले तरी किती?”

“चावण्यापुरते आहेत. आई, रविवारी माझी शेवटची मॅच. मी निवृत्त होतेय.”

“सुटले बाई एकदाची!... पण मग पेनल्टी कॉर्नरला बॉल अडवायला गोलमधून पहिली पुढे कोण धावणार?”

“आहे एक नवी पोरगी. थांब, तुला पेनल्टी कॉर्नर कुठला ठाऊक? माझी मॅच लागली की तू स्वयंपाकघरात पळतेस.”

“तिथे टीव्हीचा आवाज येत नाही होय?”

“मग या वेळी मैदानावर ये ना.”

“येते. पण मला गोलच्या मागे बसव. बॉल तुझ्या अंगावर येताना बघवत नाही. तुझी पाठ दिसली की पुरे.”

“आणि मी बॉल अडवला, की ओरडायचं हं!”

“ओरडेन की. इतकी वर्षं मिक्सर लावून ओरडतच होते.”