काचेला नाक लावून

पायांच्या रक्तवाहिन्या तपासणाऱ्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारच्या बाकावर एक निवृत्त पोस्टमन आणि त्यांची बायको बसली होती.

"किती चालता, असं विचारलं तर काय सांगणार आहात?"

"दोन किलोमीटर. रोज."

"आणि पोटरीत गोळा येतो तो?"

"येतो आणि जातो."

"तुम्ही थांबता म्हणून जातो! आधी चपलांचं दुकान, मग भांड्यांचं, मग शिलाई मशीनचं. प्रत्येक ठिकाणी काचेला नाक लावून उभे. सुईत दोरा ओवता येत नाही आणि म्हणे मशीन बघतोय!"

"बघायला काय जातंय?"

"भांडीवाला मला विचारत होता, काका महिनाभर कुकर बघतायत, नक्की कोणता काढून ठेवू?"

"अगं, छत्तीस वर्षं दारोदार पत्रं टाकलीत या पायांनी. त्यांना काय धाड भरलीय?"

"नळ्या ताठरल्यात आतल्या, तुमच्यासारख्याच."

"डॉक्टर असं म्हणाले?"

"नळ्यांचं ते म्हणाले. पुढचं माझं."

एवढ्यात नर्स आली.

"काका, चला. या पॅसेजमध्ये सहा मिनिटं फेऱ्या मारायच्यात. दुखलं तर बिनधास्त थांबा, फक्त मला सांगा."

"ऐकलंत ना? सांगायचं. आणि नीट बघून घ्या, दोन्हीकडे कोऱ्या भिंती आहेत. आता काय बघायला थांबाल?"

पोस्टमननी पॅसेज या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला.

"तू एक काम कर. मध्यावर जाऊन उभी राहा."

"मी? कशाला?"

"मी जवळ आलो की भांडायला लाग."