बुरशीबाईंचे मिस्टर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे संचालक साहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले बागायतदार संघाचे प्रमुख, रोपवाटिकेच्या मालकीणबाई, प्रयोगशाळेतले माझे सहकारी, पहिल्या रांगेत मुद्दाम मधल्याच खुर्चीवर बसलेली माझी आई, सभागृहात जमलेले तमाम द्राक्षवाले, लिंबूवाले, नासपतीवाले, आणि ज्यांच्यासाठी हा एवढा मोठा पुष्पगुच्छ आणला आहे त्या सत्कारमूर्ती, म्हणजे माझी बायको...

पाहिलंत? तिचं नाव येताच टाळ्या. माझ्या नावाला नुसता खोकला आला होता.

असो. संचालक साहेब म्हणाले, 'दोन शब्द बोला.' पण सभागृह का भरलंय हे न कळण्याइतका मी भोळा नाही. ही नव्या द्राक्ष संशोधन केंद्राची प्रमुख म्हणून चालली आहे. त्याच जागेसाठी मीही अर्ज केला होता, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ती जागा हिला मिळाली, आणि मला तिथे हिच्या हाताखालचं टेबल देऊ केलं, हेही ठाऊक आहे. उत्तर द्यायची मुदत आज संपते. मी जाणार की राहणार, एवढंच आपल्याला ऐकायचंय. हिलाही. ती तिकडे पाण्याचा पेला उगाच फिरवते आहे, ती त्याच काळजीने. जरा धीर धरा. इतकी वर्षं मी धरला.

जे आमच्याकडे कधी आले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आजारी पान आलं की पहिला प्रश्न एकच: रोग बुरशीचा की जिवाणूंचा? औषध वेगळं, उपाय वेगळा. इथे चुकलं की पुढचं सगळं चुकलं. म्हणून आमच्याकडे दोन टेबलं. खिडकीजवळचं बुरशीचं, ते हिचं. बेसिनजवळचं जिवाणूंचं, ते माझं. आता बुरशी ही मुळातच मिरवणारी जात. द्राक्षावर भुरी आली की पानावर राख उधळल्यासारखी दिसते. केवडा आला की पानाखाली पांढरा कापूस. काचेखाली पाहिलं तर फांद्या काय, फुलोरे काय! बघणारा 'वा!' म्हणतो. आणि माझे जिवाणू? ठिपके. डागाची कड कापायची, पाण्याच्या थेंबात ठेवायची आणि वाट पाहायची. खरंच जिवाणू असतील तर कापलेल्या कडेतून पाण्यात दूध सोडल्यासारखा एक ओघ निघतो. मला तो फार सुंदर वाटतो. बागायतदार मात्र डोळा लावतात आणि विचारतात, 'साहेब, काच पुसायची राहिली का?'

आमची एक रीत होती. पान आलं की दोघांनी उभं राहायचं, पान उजेडात धरायचं आणि कसलीही तपासणी करण्याआधी एकमेकांना विचारायचं, 'तुझं की माझं?' जो 'माझं' म्हणेल त्याला दुसऱ्याने विचारायचं, 'कशावरून?' मग भांडण. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असा प्रकार. भांडण संपेपर्यंत निदान पक्कं झालेलं असायचं. संचालक साहेबांनी एकदा दार उघडून विचारलं होतं, 'घरचं भांडण आहे की ऑफिसचं?' आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, 'नासपतीचं.'

पण लोकांचा ओढा कोणाकडे? हिच्याकडे. आपणच हिला बुरशीबाई म्हणायला लागलात, प्रेमाने. आणि मला काय म्हणता? तिसऱ्या रांगेतले काका, तोंड लपवू नका. मला 'बुरशीबाईंचे मिस्टर' म्हणता! जिवाणूंवर आयुष्य घालवलेल्या माणसाला! अहो, माझ्या आईच्या अंगणातलं लिंबाचं झाड. पानांवर खरखरीत, उंचवट्याचे डाग, भोवती पिवळं कडं. शेंबडं पोरही सांगेल की हा खैऱ्या, म्हणजे जिवाणू, म्हणजे मी. आई पान घेऊन आली, माझ्यासमोरून गेली आणि म्हणाली, 'सूनबाई, जरा बघ गं.' ही म्हणाली, 'आई, हे त्याचं आहे.' तेव्हा आई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, 'बरं, मग तू बघ.' हसू नकोस आई, माझ्या पोटात अजून दुखतं.

हो, जळतो मी. नवऱ्याने बायकोचं कौतुक कसं करावं यावर भाषणं पुष्कळ झाली आहेत. मला ते जमत नाही.

आता त्या मुलाखतीचं. आम्हां दोघांना एकाच दिवशी बोलावलं होतं. आधी मी आत गेलो. समोर द्राक्षाचं एक जून पान ठेवलं. डाग बारीक, तेलकट, शिरांपाशी अडून कोनात थांबलेले. असे कोनातले डाग ही बहुधा जिवाणूंची खूण, ते दिसले की मला भूक लागल्यासारखं होतं. मी थेंबात कड कापून पाहिली, काहीतरी हलताना दिसलं आणि मी ठणकावून सांगितलं, 'जिवाणू! माझं!' समितीला 'माझं' म्हणजे काय ते कळलं नसावं. पाण्यात धुळीचे कणही नाचतात, नाच वेगळा आणि ओघ वेगळा, हे मी स्वतः किती जणांना शिकवलंय. पण त्या दिवशी मला कोणी 'कशावरून?' विचारलं नाही.

मग ही आत गेली. तेच पान. समितीवर आपले संचालक साहेब होते, त्यांनीच मला नंतर जिन्यात सांगितलं. ही म्हणाली, 'मला केवडा वाटतो. पान जून झालं की केवड्याचे डागही असे कोनात अडतात. पण आज सांगत नाही. ओल्या कागदावर पान पालथं घाला, डबा झाकून ठेवा, उद्या बघू. आणि माझ्या नवऱ्याला विचारल्याशिवाय मी सही करणार नाही.' समिती म्हणाली, 'बाई, ते तर तुमच्या विरुद्धचे उमेदवार आहेत, बाहेर बसलेत.' तर ही म्हणते, 'मग काय झालं? आमच्याकडे असंच चालतं.'

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. पानाखाली पांढरा कापूस. केवडाच. म्हणजे बुरशी, म्हणजे ही.

मंडळी, हरण्याचं मला एवढं वाईट वाटलं नसतं. पण ही माझं नाव घेऊन जिंकली! मनाच्या मोठेपणातसुद्धा माझ्या पुढे! घरी येऊन मी विचारलं, 'माझं नाव काढायची काय गरज होती?' ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, 'खरंच विचारायचं होतं रे. तू आत विचारलंस का मला?' मी म्हणालो, 'मला खात्री होती.' ती म्हणाली, 'तेच तर.' त्यानंतर आम्ही पुष्कळ वेळ फक्त मिठाबद्दल बोललो.

तेव्हाच मी ठरवलं, इथेच राहायचं. खिडकी माझी, दोन्ही टेबलं माझी, बागायतदार माझे. आणि मागच्या आठवड्यात ही नवं घर पाहायला गेली, तेव्हा तो दिवस आलाही. एक गृहस्थ नासपतीची फांदी घेऊन आले. शेंडा जळून काळा, काठीच्या मुठीसारखा वाकलेला. मी खिडकीत उभा राहिलो, फांदी उजेडात धरली आणि मोठ्याने म्हणालो, 'माझं!' खोलीत 'कशावरून?' विचारणारं कोणी नव्हतं. कड कापली, दुधासारखा ओघ आला, निदान बिनचूक. तरी मी पुन्हा कापली. मग तिसऱ्यांदा. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच उत्तराची खात्री वाटेना. ते गृहस्थ दारातून विचारत होते, 'बाई कधी येणार?' आणि मला त्यांचा राग आला नाही. मीही तेच विचारत होतो.

तेव्हा संचालक साहेब, माझं उत्तर लिहून घ्या. मी जातोय. हिच्या मदतीला नाही, कोणी गैरसमज करून घेऊ नये, हिला 'कशावरून?' विचारायला जातोय. हाताखाली बसेन, पण खिडकी एक दिवसाआड माझी. मान हलवू नकोस, मला इथून दिसतंय. आणि आई, तू आमच्याबरोबर येणार आहेस. तिथल्या अंगणात लावशील त्या लिंबाची पानं मात्र आधी मला दाखवायची.

आपण सर्वांनी हिच्यावर इतकं प्रेम केलंत, त्याबद्दल आभार मानायला आलो होतो. मानतो, जीभ थोडी अडखळतेय, पण मानतो. माझ्यावर जे काही उरलंसुरलं केलंत, त्याचेही आभार. अध्यक्षांनी घड्याळाकडे न पाहता ऐकून घेतलं, हा त्यांचा मोठेपणा. या बोलण्यात जे चांगलं वाटलं असेल ते हिच्यामुळे आहे असं आपण म्हणालच, म्हणा. पण जिथे चुकलं, वेडंवाकडं बोललो, तिथे उदार मनाने क्षमा करा आणि हिच्याकडे बोट दाखवू नका. ते सगळं माझं. कशावरून, ते घरी गेल्यावर ही विचारेलच.