चौघांचं एक बाथरूम

...आणि वर मलाच म्हणतात, ‘साहेब, आधी सांगायचं ना!’ अहो, सांगायचं कुणाला? चौघं कारागीर कधी एका दिवशी उगवले तर सांगणार ना? तुम्हाला सांगतो, घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात, त्यात लग्नाला उगाच गोवलंय. लग्नात निदान सगळे एकाच तारखेला येतात!

मागणं काय होतं माझं? बाबांचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, म्हणून नव्या घरात खालीच त्यांच्यासाठी एक बाथरूम. बास. ते होईपर्यंत बाबा ताईकडे. रोज फोन. ‘झालं का रे?’ ‘झालंच, बाबा.’ चार महिने नुसतं झालंच चाललंय...

तर आधी आला फरशीवाला. काय सुंदर फरशी घातली! दुसऱ्या दिवशी प्लंबर आला, फरशी बघून खूश झाला आणि फोडायला बसला. म्हटलं, अरे, अरे! तर म्हणतो, ‘पाइप खालून जातो, साहेब.’ मग आता फरशी? ‘ते आमच्यात येत नाही.’

परत फरशीवाला, परत फरशी. मग प्लंबरने बेसिन बसवलं. कुठे? दाराच्या मागे! सुताराने दार लावलं, ते वीतभर उघडतं आणि बेसिनवर आपटतं. वीतभर फटीतून कोण जाणार, मांजर? सुताराला म्हटलं, बाहेर उघडतं कर. तर बाहेर लगेच जिन्याची पायरी! मग बेसिन तरी हलव की. ‘ते आमच्यात येत नाही.’ शेवटी, ‘दार कापून दोन फळ्यांचं करतो’ म्हणून दार उचलून घेऊन गेला, तो गेलाच. फोन केला की म्हणतो, वाटेत आहे. किती लांब राहतो हो हा?

आणि परवा बाबा आले! न सांगता. ‘झालंच’वर विश्वास ठेवून आला बिचारा म्हातारा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायको म्हणाली, पडदा लावा. लावतो, पण दांडी? वायरमन आला होता दिव्याचं बटण बसवायला, त्याच्याकडे ड्रिल. म्हटलं, दोन भोकं पाड रे. म्हणतो, ‘ड्रिल माझं आहे साहेब, भोकं माझी नाहीत. टाइल तडकली तर? फरशीवाल्याला विचारा.’ फरशीवाला म्हणतो, ‘टाइल माझी, दांडी सुताराची.’ सुतार? वाटेत आहे...

तेव्हा सध्या काय, बाबा आत जातात आणि मी बाहेर, तोंड फिरवून, दोन्ही हात वर करून, चादर धरून उभा! आज सकाळी वीस मिनिटं झाली, हात भरून आले, चादर थरथरायला लागली, तशी आतून बाबांचा आवाज आला, अगदी शांत.

‘दमलास का रे? एवढी माणसं लावलीस, पण कामाला आलास तो तू एकटाच.’

कौतुक होतं की टोमणा, विचारलं नाही. चादर जरा वर घेतली.