कागदावरची पोटदुखी

सासू : साल एकोणीसशे एकोणसत्तर. तुमच्या सासऱ्यांच्या केसपेपरवरही हेच लिहिलं होतं, जावईबापू. पोटदुखी!

जावई : आई, हळू बोला. सगळा बाक ऐकतोय.

सासू : ऐकू दे. उद्या माझ्या लेकीला भूल देऊन पोटात दुर्बीण घालणार आहेत. मूल का होत नाही ते बघायला. चार वर्षांत तुम्ही तिच्या जवळ जाऊ शकला नाहीत, हे त्या दुर्बिणीत दिसणार आहे का?

जावई : तिनं सांगितलं तुम्हाला?

सासू : एक अक्षर नाही. तुमच्या आईची बोलणी खाते आणि गप्प बसते. तुमच्या बाथरूममधली मलमाची ट्यूब बघितली मी. कातडी पांढरी पडून आवळलीय ना?

जावई : ...मलमानं बरी होईल असं वाटलं.

सासू : झाली?

जावई : नाही. चिरा पडतात. आता मागे सरकतच नाही.

सासू : ह्यांनी चार महिने पोटाचं औषध प्यायलं. अख्ख्या गावाच्या तंग विजारी सैल करून देणारा शिंपी माणूस! शेवटी मीच त्या केसपेपरच्या खिडकीत उभी राहिले. म्हटलं, पोट ठणठणीत आहे, पुढची कातडी आवळलीय, ती काढायचीय. सासूबाई मागेच होत्या. म्हणाल्या, निर्लज्ज!

जावई : मग?

सासू : म्हटलं, असेन. आधी पेपर होऊ दे.

जावई : दुखलं का त्यांना?

सासू : सुई दिली तेवढंच. मग बधिर. संध्याकाळी घरी. आठवडाभर माझा परकर घालून फिरत होते. टाके बघून मला म्हणतात कसे, "काज झकास केलंय हो, डॉक्टरचा हात साफ आहे."

जावई : (हसू आवरत) काज!

सासू : तर काय! पुढं त्या डॉक्टरांचे सगळे कोट ह्यांनीच शिवले. डॉक्टर म्हातारे होऊन लेकाकडे राहायला गेले, तेव्हाही अंगात ह्यांचाच कोट. वर्षभरात थोरला झाला. तुमची बायको शेंडेफळ. सासूबाई जाईपर्यंत मला निर्लज्जच म्हणायच्या, पण दुखणं आलं की दवाखान्यात मलाच घेऊन यायच्या.

जावई : आणि बाबा?

सासू : हृदयानं गेले. पोट शेवटपर्यंत उत्तम.

शिपाई : पोटदुखीवाले कोण? चला, पोटाच्या डॉक्टरांकडे.

सासू : उठू मी?

जावई : नको. बसा तुम्ही. अहो, मीच तो. पण पोटदुखी खोडा. पुढची कातडी आवळलीय, ऑपरेशन करायचंय.

शिपाई : जरा हळू सांगा की, साहेब.

जावई : हळू सांगण्यातच चार वर्षं गेली. आणि माझ्या बायकोची उद्याची दुर्बीण कुठल्या खिडकीवर रद्द करायची, तेही सांगा.